घरचा कॉम्प्युटर बंद आणि तुम्ही दुसऱ्या गावात? मोबाईलवरून तो चालू करायचा कसा: वेक-ऑन-लॅन अगदी पहिल्यापासून



माझा डेस्कटॉप कराडला घरी आहे आणि मी पुण्यात. शिकायला पुण्यात आलो तेव्हा रूमवर कॉटशेजारी धड टेबल मावत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर घरीच राहिला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. प्रोजेक्ट, व्हिडिओ, घरच्या फोटोंचा सगळा साठा त्याच्यावर. काही लागलं की माझी पद्धत सोपी होती. आईला फोन लावायचा: "आई, जरा वर जाऊन कॉम्प्युटर लाव ना." आई जिना चढायची, बटण दाबायची, मी पुण्यातून रिमोटने आत शिरायचो. काम झालं की मीच बंद करायचो. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हाही मी निर्लज्जासारखा फोन करतच होतो.

मग एकदा फायनल सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं की प्रोजेक्टची शेवटची फाईल डेस्कटॉपवरच राहिली आहे. घरचे सगळे लग्नाला गावी गेलेले, घराला कुलूप. शेवटी रात्रीची एसटी पकडली, कराडला उतरलो, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, बटण दाबलं, फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि पहाटेच्या गाडीने परत आलो. एक बटण दाबण्यासाठी तीनशेवर किलोमीटर! त्या गाडीत बसूनच ठरवलं, की हे बटण लांबून दाबायची सोय करायचीच.

सोय आधीपासून आहे, तिचं नाव वेक-ऑन-लॅन. पण ती पहिल्याच दिवशी चालेल या भ्रमात राहू नका. मला तीन ठिकाणी अडायला झालं. तुम्हाला होऊ नये म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

बंद कॉम्प्युटर पूर्ण बंद नसतो

पहिला प्रश्न हाच पडतो, की जो कॉम्प्युटर बंद आहे त्याला मेसेज ऐकू कसा येणार?

शटडाउन केल्यावर प्रोसेसर, पंखा, हार्ड डिस्क सगळं थांबतं. पण मागची वायर बोर्डात असेल आणि बोर्डाचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडासा करंट देत राहतो. त्याला स्टँडबाय पॉवर म्हणतात. तुम्ही पुढचं बटण दाबलं हे मदरबोर्डला कळतं ते या करंटमुळेच. त्यातलाच थोडा करंट लॅन कार्डला मिळत राहिला, तर ते एक कान उघडा ठेवून झोपतं. ठरलेला इशारा ऐकू आला की मदरबोर्डला सांगतं, "ऊठ." त्यापुढे सगळं आपण बटण दाबल्यावर होतं तसंच.

म्हणजे रात्री घरातला कोणी बोर्डाचं बटण बंद करून झोपत असेल, तर पुढचं काहीही चालणार नाही. आमच्याकडे बाबांना ही सवय होती. त्यांना आधी समजवावं लागलं.

तो इशारा म्हणजे काय?

त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. एएमडी कंपनीने ह्युलेट-पॅकार्डसोबत ही कल्पना १९९५ मध्ये मांडली. पुढे आयबीएम आणि इंटेल यांनी ती ऑफिसच्या कॉम्प्युटरांसाठी उचलून धरली. रात्री सगळे घरी गेल्यावर शेकडो कॉम्प्युटर उठवायचे, अपडेट टाकायचे आणि परत झोपवायचे, हा तिचा मूळ उपयोग.

नाव जादूचं असलं तरी आतला माल साधा आहे. आधी एफएफ हा बाइट ६ वेळा. त्यानंतर ज्या कॉम्प्युटरला उठवायचंय त्याचा मॅक ॲड्रेस सलग १६ वेळा. मॅक ॲड्रेस ६ बाइटचा असतो, म्हणजे ६ अधिक ९६, एकूण १०२ बाइट. बस्स. हे पॅकेट घरच्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवलं जातं. वर्गात हजेरी घेताना सर रोल नंबर मोठ्याने पुकारतात, ऐकतात सगळे, पण उठतो एकच. अगदी तसंच. फरक इतकाच की इथे नंबर १६ वेळा पुकारला जातो. त्यामुळे दुसऱ्याच कुठल्या तरी डेटामुळे कॉम्प्युटर चुकून उठण्याची शक्यता जवळजवळ राहत नाही.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण माझा सगळा घोळ इथेच झाला: ही हाक घरच्या नेटवर्कच्या आतच ऐकू जाते. झोपलेल्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस तेव्हा कामाला येत नाही, कारण आयपीवर उत्तर देणारं विंडोजच झोपलेलं असतं.

सुरू करण्याआधी

- डेस्कटॉप राउटरला लॅन केबलने जोडलेला हवा. वायफायवरून उठवण्याची सोय काही लॅपटॉपमध्ये असते, पण ती बहुतेक वेळा फक्त स्लीपमधून चालते आणि हार्डवेअरवर अवलंबून असते. आठ-दहा मीटर केबल टाकलेली परवडते.
- राउटर सतत चालू हवा.
- पहिलं सेटिंग करताना तुम्ही स्वतः घरी हवेत. आईला फोनवर बायोस समजावत बसू नका. मी केलंय. दोघांचीही चिडचिड होते.

पायरी १: बायोसमध्ये परवानगी

कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे पॉवरशी संबंधित मेनू शोधा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: कुठे 'वेक ऑन लॅन', कुठे 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई', कुठे 'रिझ्यूम बाय लॅन'. ते एनेबल करा.

त्याच मेनूमध्ये 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' असं काही दिसलं तर ते डिसेबल करा. ईआरपी हा युरोपच्या वीजबचतीच्या नियमांमधून आलेला पर्याय आहे. तिथे २०१३ पासून बंद उपकरणाने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खायची नाही असा नियम आहे. हा पर्याय चालू असला की मदरबोर्ड लॅन कार्डचा करंटही तोडतो. मग हाक मारणार कोणाला?

सेव्ह करा, बाहेर या. आता एक सोपी परीक्षा घ्या: कॉम्प्युटर शटडाउन करा आणि मागे लॅन केबल लावलेल्या जागेचा छोटा दिवा बघा. शटडाउननंतरही तो लागलेला किंवा लुकलुकत असेल तर कान उघडा आहे. पूर्ण विझला असेल तर पुढे जाऊ नका, परत बायोसमध्ये जा. माझा पहिला अडथळा हाच होता. विंडोजमध्ये दोन तास डोकं फोडलं आणि दोष निघाला ईआरपीचा.

पायरी २: विंडोजमधली तीन सेटिंग

एक. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क ॲडॅप्टर्स'मध्ये तुमच्या लॅन कार्डवर डबल क्लिक करा. 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबमध्ये या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या, असा पर्याय असतो, त्यावर टिक. त्याच्या खालचा, फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवू द्या, हा पर्यायसुद्धा टिक करा. हा दुसरा विसरलात तर नेटवर्कवरच्या इतर हालचालींमुळे कॉम्प्युटर रात्री-बेरात्री आपोआप उठू शकतो. घरच्यांना वाटेल भूत आहे.

दोन. तिथेच 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' एनेबल आहे का बघा. रियलटेकचं कार्ड असेल तर 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' असाही पर्याय दिसेल. तोही चालू करा.

तीन. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन, पॉवर बटण काय करतं ते ठरवा, या पानावर 'फास्ट स्टार्टअप' दिसेल. त्याची टिक काढा. विंडोज ८ पासून साधं शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं, अर्धं हायबरनेट असतं, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज लॅन कार्डला मुद्दाम उठवायची तयारी करून देत नाही.

यावरून माझा सल्ला: लांबून वापरायचा कॉम्प्युटर शटडाउन करूच नका, हायबरनेट करा. स्लीप आणि हायबरनेट या दोन्हींमधून उठवायला विंडोजचा पूर्ण पाठिंबा आहे. शटडाउनमधून उठणं मात्र मदरबोर्डच्या मर्जीवर. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये असतं, लाईट गेली की ते गेलं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलेलं असतं. हायबरनेट हा पर्याय पॉवर मेनूमध्ये दिसत नसेल तर फास्ट स्टार्टअपच्या त्याच पानावरून तो आणता येतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी: एनर्जीच्या सेटिंगमध्ये 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' चालू करा. पण मॅक स्लीपमध्ये असला तरच उठतो, शटडाउनमधून नाही.

पायरी ३: पत्ता लिहून घ्या

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग', एक स्पेस, तिरपी रेघ आणि 'ऑल' असं टाइप करून एंटर द्या. अक्षरं अर्थात इंग्रजीच, मी इथे उच्चार लिहितोय. यादीत 'इथरनेट ॲडॅप्टर' या भागात 'फिजिकल ॲड्रेस' दिसेल: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. तोच मॅक ॲड्रेस. फोटो काढून ठेवा.

सावधान! त्याच यादीत वायफायचाही फिजिकल ॲड्रेस असतो. केबल इथरनेटला लावलीय, तर पत्ताही इथरनेटचाच हवा.

पायरी ४: आधी घरातल्या घरात

मोबाईल घरच्या वायफायला जोडा. प्ले स्टोअरवर 'वेक ऑन लॅन' शोधलं की बरीच फुकट ॲप मिळतील. कमी परवानग्या मागणारं निवडा. कॉन्टॅक्ट किंवा मेसेज मागत असेल तर सरळ काढून टाका, १०२ बाइट पाठवायला त्याची गरज नाही. ॲपमध्ये मॅक ॲड्रेस टाका. ब्रॉडकास्ट ॲड्रेस विचारला तर २५५.२५५.२५५.२५५ आणि पोर्ट ९.

आता कॉम्प्युटर स्लीप करा, एक मिनिट थांबा, ॲपमधलं बटण दाबा. उठला? मग हायबरनेट करून बघा. शेवटी शटडाउन करून बघा. याच क्रमाने, म्हणजे कुठे अडलं ते लगेच कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी खालच्या हॉलमध्ये बसून बटण दाबलं आणि वरून पंख्याचा आवाज आला, तेव्हा खरंच अंगावर काटा आला. आई म्हणाली, "वर कोण आहे?"

उठला नाही, तर एक गोष्ट तपासा. मोबाईल 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना? गेस्ट नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, तिथली हाक मुख्य घरात ऐकू येत नाही.

आता वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू. आणि... काहीच नाही!

इथे बहुतेक जण हार मानतात. मीही मानणार होतो.

इंटरनेटवर सगळीकडे एक जुना उपाय दिसतो: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा आणि बाहेरून घरच्या आयपीवर पॅकेट पाठवा. आपल्याकडे तो दोन कारणांनी फसतो.

पहिलं कारण, बऱ्याच जोडण्यांवर तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडतात, म्हणून कंपनी अनेक घरांना मिळून एक पब्लिक आयपी देते. याला सीजीनॅट म्हणतात. एखाद्या सोसायटीला गेटवर एकच पत्रपेटी आहे आणि पत्रावर फ्लॅट नंबर लिहिलेलाच नाही, असं समजा. बाहेरून आलेलं पॅकेट तुमच्या दारापर्यंत येणार कसं? तपासायचं सोपं आहे: राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा आणि त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे वेगळे असतील तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर शंकाच नको, ते पत्ते २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. माझा तसाच निघाला.

दुसरं कारण पब्लिक आयपी असलेल्यांनाही छळतं. राउटर आयपीवरून मॅक ॲड्रेस ओळखण्यासाठी एक छोटी यादी ठेवतो. कॉम्प्युटर झोपला की थोड्या वेळाने त्याचं नाव या यादीतून गळतं. म्हणून झोपवल्यावर लगेच करून बघितलं तर चालतं, आपण खूश होतो, आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. बरं, बाहेरून थेट सगळ्या घराला हाक मारावी म्हटलं, तर राउटर ते रोखतात. १९९९ पासूनचं मानकच सांगतं की बाहेरून आलेलं ब्रॉडकास्ट मुळात बंदच ठेवा, कारण त्याचा हल्ल्यांसाठी गैरवापर होत होता.

उपाय: घरात एक पहारेकरी ठेवा

हाक घराच्या आतूनच मारावी लागते ना? मग घरात एक छोटं उपकरण सतत जागं ठेवायचं. आपण लांबून त्याला सांगायचं, ते आतून हाक मारेल. हे काम रास्पबेरी पाय करू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला राउटर करू शकतो. काही राउटरांमध्ये तर ही सोय कंपनीनेच दिलेली असते, आधी तुमच्या राउटरची सेटिंग चाळून बघा. आणि यांपैकी काहीच नसेल, तर कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन करू शकतो.

मी जुना फोन घेतला. काचेला तडा, कॅमेरा खराब, पण वायफाय ठणठणीत. असं केलं:

१. जुन्या आणि नव्या, दोन्ही फोनवर टेलस्केल हे ॲप टाकलं आणि एकाच अकाउंटने लॉगिन केलं. टेलस्केल तुमच्या उपकरणांचं एक खाजगी जाळं तयार करतं. सीजीनॅट असला तरी चालतं, कारण दोन्ही फोन आतून बाहेर जोडणी करतात. प्रत्येक उपकरणाला एक पत्ता मिळतो. तोही १०० नेच सुरू होतो, त्याला सीजीनॅट समजून गोंधळू नका.

२. जुन्या फोनवर टर्मक्स टाकलं, एफ-ड्रॉइडवरून. त्यात पायथन आणि ओपनएसएसएच बसवलं, मग पिपने 'वेकऑनलॅन' नावाचं छोटं पॅकेज घेतलं. 'पासडब्ल्यूडी' कमांडने चांगला लांब पासवर्ड ठेवला आणि 'एसएसएचडी' कमांडने दार उघडं केलं. टर्मक्समध्ये हे दार ८०२२ पोर्टवर असतं.

३. जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये दोन्ही ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलं, नाहीतर अँड्रॉइड त्यांना झोपवतं. पहारेकरीच झोपला तर काय उपयोग!

४. पुण्यातून: नव्या फोनवर टेलस्केल चालू करायचं, एसएसएचने जुन्या फोनच्या टेलस्केल पत्त्यावर ८०२२ पोर्टला जोडायचं, आणि लिहायचं 'वेकऑनलॅन', स्पेस, मॅक ॲड्रेस. एंटर. पॅकेट पोचत नसेल तर त्याच कमांडमध्ये घरच्या नेटवर्कचा ब्रॉडकास्ट पत्ता द्या. घरचे आयपी १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर तो १९२.१६८.१.२५५.

५. टेलस्केलच्या वेबसाइटवर जुन्या फोनची 'की एक्स्पायरी' बंद केली. ती मुळात १८० दिवसांची असते. विसरलात तर सहा महिन्यांनी पहारेकरी आपोआप बाहेर फेकला जातो, आणि तेव्हा तुम्ही नेमके घरी नसता.

कोणी विचारेल, टेलस्केल डेस्कटॉपवरच टाकलं तर? झोपलेल्या कॉम्प्युटरवरचं टेलस्केलही झोपलेलंच असतं. आणि टेलस्केल ब्रॉडकास्ट वाहून नेत नाही. म्हणून पहारेकरी घरातच हवा.

एक काळजीची सूचना: फोन कायम चार्जरला लावून ठेवला तर जुनी बॅटरी फुगू शकते. मागचं कव्हर उचललेलं दिसलं तर तो फोन वापरू नका. मोकळ्या हवेत ठेवा, गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर नको. मी दिवसातून दोनच तास चार्ज होईल असा टायमर लावलाय.

लाईट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाईट गेली की स्टँडबाय करंटही जातो. बरेच मदरबोर्ड लाईट आल्यावर, एकदा चालू होऊन परत व्यवस्थित बंद होईपर्यंत, मॅजिक पॅकेट ओळखतच नाहीत. माझा तिसरा अडथळा हा. आठवडाभर छान चाललं, मग एका पावसाळी रात्रीनंतर ठप्प.

उपाय बायोसमध्येच आहे: 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तत्सम नावाचा पर्याय 'पॉवर ऑन' करा. लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होईल, विंडोज लोड होईल, आणि अर्ध्या तासाने स्लीप किंवा हायबरनेट हो असं ठरवून ठेवलं असेल तर परत झोपेल, या वेळी कान उघडा ठेवून. लाईट वारंवार येते-जाते अशा ठिकाणी यूपीएस हवाच.

जुन्या फोनचा फायदा इथे कळतो: त्याला स्वतःची बॅटरी आहे. राउटर बंद पडून परत आला की फोन वायफायला आपला आपण जोडला जातो.

उठला, आता आत कसं जायचं?

उठवणं आणि वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी. वेक-ऑन-लॅन फक्त बटण दाबतं. पुढे क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखं काहीतरी आधीच बसवून ठेवा. विंडोज प्रो असेल तर त्यातलं रिमोट डेस्कटॉप टेलस्केलच्या पत्त्यावरून वापरता येतं. होम आवृत्तीत ती सोय नाही.

आणखी एक खाच: नेटवर्कने उठलेल्या विंडोजला समोर कोणी दिसलं नाही, तर ते साधारण दोन मिनिटांत परत झोपू शकतं. तेव्हा उठवल्यावर चहा करायला जाऊ नका, लगेच जोडा.

सुरक्षिततेचं गंभीरपणे ऐका:

- रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरमधून इंटरनेटला कधीही उघडू नका. पासवर्ड ओरबाडणारे प्रोग्राम असे उघडे पोर्ट दिवसरात्र शोधत असतात.
- विंडोजचा पासवर्ड काढू नका. मॅजिक पॅकेटमध्ये खरी सुरक्षा नाही. घरच्या नेटवर्कवरचा कोणीही कॉम्प्युटर उठवू शकतो, पण पासवर्ड असेल तर आत येऊ शकत नाही.
- फोनवर कोणी "सर, हे रिमोट ॲप टाका आणि कोड सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. एनीडेस्कसारख्या ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०१९ मध्ये सावध केलं होतं. रिमोटची चावी फक्त तुमच्याकडे, हे घरच्यांनाही सांगा.
- ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे विचारल्याशिवाय करू नका.

एवढा खटाटोप कशाला, कॉम्प्युटर चालूच ठेवला तर?

गणित करू. समजा तुमचा डेस्कटॉप नुसता बसून ७० वॅट खातो. २४ तास आणि ३० दिवस म्हणजे महिन्याला ५०.४ युनिट. बंद अवस्थेत २ वॅट धरले तर महिन्याला १.४४ युनिट. तुमच्या बिलावरचा दर घेऊन गुणा आणि बाबांना दाखवा. शिवाय पंख्यात साचणारी धूळ आणि उन्हाळ्यात तापलेली वरची खोली वेगळीच.

चालत नसेल तर या क्रमाने बघा

१. बोर्डाचं बटण चालू आहे का? मागचा लॅनचा दिवा लागतो का? नसेल तर बायोस, ईआरपी.
२. दिवा आहे पण उठत नाही? मॅक ॲड्रेस वायफायचा तर घातला नाही ना?
३. स्लीपमधून उठतो, शटडाउनमधून नाही? फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा हायबरनेट वापरा.
४. घरातून उठतो, बाहेरून नाही? पहारेकरी ठेवा.
५. आपोआप उठतो? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, तिरपी रेघ, 'लास्टवेक' टाइप करा. शेवटचं कोणी उठवलं ते विंडोज सांगेल.
६. पॅकेट पोचतंय की नाही तेच कळत नाही? कॉम्प्युटर चालू असताना त्यावर वायरशार्क लावा, 'डब्ल्यूओएल' हा फिल्टर टाका आणि मोबाईलवरून पॅकेट पाठवा. यादीत दिसलं तर रस्ता ठीक आहे, दोष उठण्यात आहे.

मित्रांनो, हे सगळं करायला माझी सुट्टीची दोन संध्याकाळ गेली, खर्च फक्त लॅन केबल आणि टायमरचा. सबमिशनच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आत्ता घरी आहात तोवर करून ठेवा. आणि परत निघण्याआधी एकदा वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून नक्की तपासा. घरात चाललं म्हणून निघालात तर तुमचीही एसटी पक्की.

परवा आई फोनवर म्हणाली, "हल्ली कॉम्प्युटर लाव म्हणून तुझा फोनच येत नाही." आता मी रात्री जेवण झालं की असाच फोन करतो, जिना न चढवता.